त्याच पाण्यात

चीन पाहून आलेला माणूस कामरगावानं तोवर पाहिला नव्हता. त्यामुळे एकोणऐंशीच्या मे महिन्यात कैलासचंद एसटीतून उतरला, तेव्हा स्टँडवरच माणसं जमली. तिथं साप खातात म्हणे, खरं का? तू काय खाल्लं मग? गावात कैलासचंदचं कापसाचं लहानसं जिनिंग होतं. जिनिंगवाल्यांचं एक मंडळ तिकडच्या गिरण्या पाहायला निघालं, त्यातला एक जण ऐनवेळी आजारी पडला आणि त्याच्या जागी याची वर्णी लागली. आता तो हसत हसत सगळ्यांना उत्तरं देत होता. साप नाही न् बेडूक नाही, बायकोनं डब्यांत भरून दिलेलं सातूचं पीठ खाल्लं, दशम्या खाल्ल्या, वर भात. पण त्याचं अर्धं लक्ष घराकडे होतं. आईला सांगायची एक गोष्ट सोळा दिवसांपासून त्याला आतल्या आत खात होती.

आई म्हणजे धापूबाई. वय चौऱ्याहत्तर, अंगानं काडी आणि नेमानं लोखंड. जैनांच्या घरी पाणी गाळून पितात हे गावाला ठाऊक होतंच, पण धापूबाईंचं काम गाळण्यानं संपत नसे. फडक्यात डोळ्यांना न दिसणारे जीव अडकतात, म्हणून ते फडकं गाळलेल्याच पाण्यानं धुऊन ते पाणी वेगळं धरायचं. त्याला त्या जिवाणी म्हणत. जिवाणी ज्या विहिरीची, त्याच विहिरीत परत सोडायची, आणि तीही वरून फेकायची नाही, पाण्याला टेकवून हळूच सोडायची. साठ वर्षं हा नेम चालला होता. नवरा गेल्यापासून, म्हणजे बावीस वर्षं, दिवसाचं पहिलं पाणी त्या कैलासच्या हातून घेत. ऊन नीट वर आल्याशिवाय नाही; आणि तो गावी नसला तर स्वतःच्या हातानं, पण दुसऱ्या कोणाच्या हातून नाही.

तो निघाला तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या होत्या, "जाय. पूल पाह्य, देवळं पाह्य, सारं पाह्य. पण पान्याचा नेम मोडला तं माह्यापासून लपवू नोको. मंग तुह्या हातचं पानी मी घेनार नाई."

रागावून म्हणाल्या असत्या तर कैलासचंदनं मनावर घेतलं नसतं. पण त्या रागावतच नसत, तीच तर पंचाईत होती.

आल्या दिवशी माणसांच्या गर्दीत बोलायला सवड झाली नाही, असं त्यानं स्वतःला सांगितलं. खरं तर त्याला धीर झाला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कंचनबाईनं, त्याच्या बायकोनं, नेहमीसारखा पाण्याचा तांब्या त्याच्या हातात दिला. अंगणातल्या विहिरीचा दोर खुंटीला गुंडाळून ठेवलेला त्याला दिसला.

"आटली," कंचनबाई म्हणाली. "धा दिवस झाले. जानरावच्या वावरातून पानी येते आता, टाकीनं."

धापूबाई ओसरीवर बसल्या होत्या. त्यांनी ओंजळ पुढे केली. कैलासचंदनं तांब्या वाकवला नाही.

"माय, आधी आयकून घे. मंग तू ठरव."

आणि त्यानं सगळं सांगून टाकलं.

शांघायला नळाचं पाणी होतं. तिथं प्रत्येक खोलीत गरम पाण्याचा थर्मास भरून ठेवत. कच्चं पाणी त्या देशात कोणी पीतच नाही, सगळे मुनीमहाराजांसारखे उकळलेलंच पितात. रात्रीचं जेवणही दिवसाउजेडी उरकतात. कैलासचंदला वाटलं, चला, आपलं निभलं. मग ओठाला लावण्याआधीच लक्षात आलं की हे पाणी न गाळताच उकळलेलं, म्हणजे जीव गेलेच. मंडळाची दुभाषी लिन नावाची मुलगी होती. पेकिंगात हिंदी शिकलेली, रेडिओवरच्या बातम्यांसारखं बोलायची. तिला हे समजावता समजावता त्याला घाम फुटला. ती मात्र हसली नाही. वहीत लिहून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी सूचौ शहरात पोचल्यावर अतिथिगृहामागच्या बोळात त्याला एका विहिरीवर घेऊन गेली.

सूचौ अडीच हजार वर्षांचं शहर. पांढऱ्या भिंती, काळी कौलं, घराघरामागून कालवा आणि त्यावर कमानीचे दगडी पूल. मंडळातले बाकीचे लोक बागा पाहत हिंडले, तिथले दगडसुद्धा पावसापाण्यानं झिजलेले बघून निवडून आणलेले. कैलासचंदला बागांपेक्षा ती विहीर आवडली. तिच्या दगडी तोंडावर दोरांनी घासून घासून चऱ्या पडल्या होत्या, घरच्या विहिरीवर आहेत तशाच. तिथं एक म्हातारी भाजी धूत होती. तिच्यादेखत त्यानं पाणी काढलं, गाळलं, जिवाणी बादलीतून परत खाली नेऊन टेकवली आणि गाळलेलं पाणी उकळायला दिलं. तीन दिवस असं चाललं. रेशमाच्या गिरणीत मंडळ गेलं तेव्हा हा बाहेर झाडाखाली बसून राहिला, कारण आत किडे उकळत होते. इथपर्यंत सगळं नेमात होतं.

"मंग?" धापूबाईंनी विचारलं.

मग चौथ्या दिवशी त्यांना लाँचीनं एका लहान गावी नेलं. नाव काही त्याच्या जिभेवर बसलं नाही. गाव कसलं, पाण्यातच वसलेलं. रस्त्यांच्या जागी कालवे, प्रत्येक घराचं मागचं दार पाण्यावर उघडणारं आणि दारातून पायऱ्या थेट पाण्यात. त्या पायऱ्यांवर बायका तांदूळ धुतात, कपडे धुतात, होडीवाल्याकडून भाजी घेतात. दुपारी कैलासचंद अशाच एका पायरीवर बसून पाणी गाळत होता. फडकं धुऊन झालं, जिवाणी लोट्यात घेतली, आणि तेवढ्यात लाँचीची शिट्टी झाली. मंडळाचा पुढारी ओरडला, लिन हाका मारत आली. हा घाईघाईनं उठला आणि लोटा हातात घेऊनच धावत सुटला. लाँच सुटून पूल मागे पडल्यावर त्याच्या ध्यानात आलं की जिवाणी हातातच आहे.

"लाँच मागं घेत नव्हते, माय. म्या हात जोडले. लोटा उन्हात तापून राह्यला होता. लिननं बुढ्या नावाड्याले इचारलं, हे पानी त्या गावचंच हाय का? तो हासला. मंग ती मले म्हने, 'पानी तो एक ही है, कैलासचंद जी.' पन मले काही पटे ना. तासभर लोटा मांडीवर घेऊन बसलो. शेवटी एका पुलाखाली सोडली. ते पानी त्याच गावचं होतं का दुसरं, मले आजही सांगता येत नाई."

धापूबाईंनी ओंजळ खाली घेतली. पदराला हात पुसले.

"ठेव तांब्या," त्या म्हणाल्या.

कैलासचंदनं तांब्या खाली ठेवला. पन्नाशीला टेकलेला माणूस, चार देशांची विमानं बदलून आलेला, पण त्या दोन शब्दांनी त्याचा चेहरा शाळेतल्या पोरासारखा झाला. कंचनबाई दारातूनच म्हणाली, "माय, मी देऊ का पानी?" धापूबाईंनी मान हलवली. तेवढ्यात दारात बंडी उभी राहिली. टाकी घेऊन जानराव कुणबी आला होता.

"चाल," धापूबाई उठत म्हणाल्या. "बस बंडीत. तांब्या संगं घे, झाकून."

त्यांच्या हातात पितळेची झाकणाची डबी होती. तिच्यात काय आहे ते कैलासचंदच्या आत्ता लक्षात आलं. जानरावच्या विहिरीचं पाणी, म्हणजे जिवाणी जानरावच्याच विहिरीत गेली पाहिजे. चौऱ्याहत्तर वर्षांची म्हातारी दहा दिवस रोज रिकाम्या टाकीशेजारी बसून कोसभर उन्हात जात होती, डबी मांडीवर घेऊन.

"दुसऱ्या कोनापाशी द्यायची होती," तो म्हणाला.

"कोनापाशी? तू चीनमंदी होता."

टाकी रिकामी झाली आणि बंडी निघाली. आठ वाजले नव्हते तरी ऊन चटचटत होतं. धापूबाईंनी अजून घोटभर पाणी घेतलं नव्हतं. तांब्या कैलासचंदच्या मांडीवर होता आणि तो हिंदकळू नये म्हणून त्यानं दोन्ही हातांनी धरला होता.

"त्या गावापासून पुलापावतर मधात बांध लागला का?" धापूबाईंनी विचारलं.

"नाई."

"कोठी कोरडं लागलं? पानी तुटलं?"

"नाई, माय. एका पुलाखालून निघालं का दुसऱ्या पुलाखाली. तिथून मोठा कालवा लागते, तो हांगचौपावतर जाते. तथी तं मोठं तळंच हाय, चहूकडे डोंगर. लोक घरून होडीत बसतात अन् तिकडे उतरतात, पायाले माती लागत नाई."

"शेटजी," जानराव बैल हाकता हाकता म्हणाला, "इतकं पानी, अन् बांधावरून भांडनं नाई होत?"

"बांधच नाई तं भांडतीन कायले?"

जानरावनं यावर बराच विचार केला, पण त्याला ते काही खरं वाटलं नाही.

धापूबाई विचारत राहिल्या. पुलाचे दगड चुन्यात बसवलेले की नुसते? होडी वल्हवतात कशी? बाया वल्हवतात का? काठाला कोणतं झाड? कैलासचंद सांगत गेला. होडीच्या मागं उभं राहून एकच लांब वल्हं हलवतात, हो, बायाही. झाडाच्या फांद्या पार पाण्याला टेकतात. तांदूळ धुतला की मासे पायरीशी येतात. सांगता सांगता त्याच्या ध्यानात आलं की हे प्रश्न नेमाचे राहिले नाहीत. जवळच्या कारंजा गावाच्या पलीकडे क्वचितच गेलेली त्याची आई बंडीत बसून ते गाव बघत होती. त्याला एकदम वाटलं, हिलाच न्यायला पाहिजे होतं. गिरण्या बघून त्यानं तरी कोणता उजेड पाडला होता?

जानरावच्या वावरातली विहीर पायऱ्यांची होती. पाणी तळाला गेलेलं, तीस-पस्तीस पायऱ्या उघड्या पडलेल्या. रोज जानरावची बायको प्रयागबाई डबी घेऊन खाली जाई आणि धापूबाई वरून ओणवून बघत. आज त्या कैलासच्या खांद्यावर हात ठेवून स्वतः उतरल्या, एकेका पायरीवर थांबत. शेवटच्या पायरीपासूनही पाणी वीतभर खाली होतं.

"कशी सोडली होती? वरून?"

"नाई. पोटावर पडून. हात कोपरापावतर पान्यात घातला."

"पडला नाई?"

"लिननं मागून कोट धरला होता."

धापूबाईंनी डबी त्याच्या हातात दिली. कैलासचंदनं तांब्या पायरीवर ठेवला आणि दगडावर पालथा झाला. मागे सदऱ्याला ओढ बसली. त्यानं हात पाण्यात घातला, पाण्याखालीच झाकण काढलं आणि डबी हलकेच कलती केली. गार पाणी दंडापर्यंत आलं.

"त्या पोरीनं असंच धरलं होतं का?"

"हो, माय. असंच."

"चांगली पोरगी हाय." मग थोडं थांबून त्या म्हणाल्या, "जीव पान्यात गेले. त्याहीले त्याहीचं पानी भेटलं. पन तू शिट्टी वाजली म्हून उठला, ते तुह्यं. आठ दिवस गूळ बंद."

गुळावाचून कैलासचंदला घास उतरत नसे. तरी त्यानं इतक्या आनंदानं मान हलवली की कपाळ पायरीला लागलं.

तो उठून बसला. धापूबाई वरच्या पायरीवर टेकल्या होत्या. ओठ सुकले होते.

"आन, पानी दे," त्या म्हणाल्या आणि त्यांनी एक हात पुढे केला. दुसऱ्या हातात त्याच्या सदऱ्याचं टोक अजून तसंच धरलेलं होतं.