पैसे पाठवणाऱ्यांची खुर्ची

मी एक जुनी खुर्ची आहे. जुनी म्हणजे मोडकी नव्हे हं! डावा मागचा पाय जरा करकरतो, हातांवरचं हिरवं कापड विरलंय, पण आजवर कोणालाही मी पाडलेलं नाही. मित्रांनो, माणसांपैकी किती जण हे छातीठोकपणे सांगू शकतील?

माझा जन्म नॉर्थ कॅरोलिनातल्या एका कारखान्यात झाला. आम्ही दोघी जुळ्या बहिणी. एकाच ओकच्या फळीतून कापलेल्या, एकाच ताग्यातलं कापड ल्यालेल्या. २००१ साली आम्हाला ट्रकमध्ये घालून पार दुसऱ्या टोकाला, कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँट गावी आणलं आणि एका बँकेच्या आतल्या कोपऱ्यात शेजारी शेजारी ठेवलं. समोर एक टेबल. त्याला सगळे वायर डेस्क म्हणायचे. अमेरिकेतल्या खात्यातून परदेशातल्या खात्यात पैसे धाडायचे, तर माणसाला तिथे येऊन बसावंच लागे.

आता तुम्ही विचाराल, नॉर्थ कॅरोलिनातली खुर्ची मराठी कुठे शिकली? टेबलापलीकडे रेणू बसायची ना! नागपूरची. नवऱ्याच्या नोकरीपायी इकडे आली आणि या बँकेत लागली. जीभ तिखट, मन लोण्यासारखं. पुण्या-मुंबईची, विदर्भातली मुलं खास तिच्याकडे यायची, कारण तिच्याशी मराठीत बोलता यायचं. माझ्या बोलण्यात तिखटपणा वाटला तर दोष तिचा, माझा नाही.

सुरुवातीला माझा काय थाट होता! सकाळी बँक उघडली की रांग. कोणी बहिणीच्या लग्नासाठी पैसे पाठवी, कोणी शिक्षणाचं कर्ज फेडी, कोणी नुसतेच "घरी" पाठवी. मॅनेजरबाई माझ्या पाठीवर थाप मारून म्हणायच्या, "धिस चेअर वर्क्स हार्डर दॅन मी." मला फार अभिमान वाटायचा. पण एक गोष्ट लवकरच माझ्या लक्षात आली. जो येई तो एकटा येई. माझ्या बहिणीवर कोणी बसतच नसे. तिच्यावर जॅकेट पडे, गाडीच्या किल्ल्या पडत, ओली छत्री पडे. ती बिचारी सगळं मुकाट्यानं सांभाळी. पैसे पाठवणं हे एकट्यानंच करायचं काम आहे, असं मला तेव्हापासून वाटू लागलं.

निमिष पळसुले पहिल्यांदा माझ्यावर बसला तो त्याच वर्षी. अमरावतीचा मुलगा, सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी, बारीक चण, पाय सतत हलवायची सवय. त्याच्या पायामुळेच माझी करकर सुरू झाली, हे मी कोर्टातसुद्धा सांगेन! खातं उघडताना रेणूनं विचारलं, "आईचं माहेरचं नाव सांगा. फोनवरून काही विचारलंत तर ओळख पटवायला लागतं."

"सुमित्रा."

"ते सासरचं असेल हो. लग्नाआधीचं?"

"आईला एकच नाव आहे," तो हसून म्हणाला. "सुमित्राच."

रेणूनं खांदे उडवले आणि सुमित्रा असं टाइप केलं.

मग तो दर महिन्याला येऊ लागला. पैसे आईवडिलांच्या जॉइंट खात्यात जायचे. काम झालं की तो माझ्यावर बसूनच कॉलिंग कार्डावरचा लांबलचक नंबर फिरवायचा. "आई, पाठवलेत. आले की सांग. जेवलीस का?" एवढंच बोलणं. पण त्या वेळी त्याचा पाय हलायचा थांबायचा. मला तेवढाच विसावा.

२००३ साली त्याचे वडील, एकनाथराव, गेले. तो भारतात गेला नाही. व्हिसाचं स्टॅम्पिंग, म्हणजे पासपोर्टवरचा नवा शिक्का, तिकडे अडकलं तर परत येता येणार नाही, नोकरी जाईल, अशी तेव्हा सगळ्यांनाच धास्ती असायची. तो माझ्यावर बसला, खर्चाचे पैसे पाठवले आणि नंतर कितीतरी वेळ उठलाच नाही. रेणूनं रांगेतल्या पुढच्या माणसाला थांबायची खूण केली. मी तरी काय बोलणार? मला तोंड नाही. मला फक्त मांडी आहे.

ते जॉइंट खातं बंद झालं. आई दिराच्या घरी राहू लागली. तिथे तिला एक खोली मिळाली होती, पण खोलीला दार नव्हतं, पडदा होता. हे निमिषनं रेणूला सांगितलं तेव्हा त्याचा आवाज चिरकला. "कुणीही पडदा सारून आत येतं हो. काकू, त्यांची मुलं, दूधवाला. आई कधी कुणाला बोलत नाही. पण मागच्या फोनवर म्हणाली, 'निमू, मला एक दार हवंय. आतून कडी लागेल असं.'"

गावात एक छोटासा फ्लॅट मिळत होता. दीड खोलीचा, पण दाराचा! टोकन दिलेलं होतं. उरलेली रक्कम गुढीपाडव्याच्या आत पोचली नाही तर बिल्डर तो दुसऱ्या गिऱ्हाइकाला देणार होता. हे २००५ साल. आईनं तिच्या एकटीच्या नावावरच्या जुन्या खात्याचा नंबर फोनवर सांगितला. निमिषनं फेब्रुवारीतच पैसे पाठवले. लाभार्थीचं नाव, सुमित्रा पळसुले. सगळं चोख.

आणि मार्च उलटायला आला तेव्हा पैसे परत आले!

रेणूनं फोन करून बोलावलं. निमिष सकाळी ऑफिसला न जाता तडक बँकेत आला आणि माझ्यावर धाडकन बसला. जीव टांगणीला लागला होता त्याचा. "परत? परत कसे येतील? नंबर बरोबर आहे यार!"

"नंबर बरोबर आहे. तिकडची बँक म्हणते, या खात्यावर सुमित्रा नावाचं कुणी नाहीच."

"मग कुणाच्या खात्यात पाठवत होतो मी?"

रेणूनं तिकडच्या बँकेचा निरोप पुन्हा वाचला. मग तिनं कपाळावर हात मारला. "अरे बाप्पा! तुमच्या आईचं खातं लग्नाआधीचं आहे का?"

"असेल. लग्नापूर्वी ती शाळेत शिकवायची. पगाराचं खातं असेल."

"मग लग्नात नाव बदललं असणार ना! तांदळाच्या ताटात नवरा अंगठीनं नवीन नाव काढतो, विसरलात?" ती म्हणाली. "माझ्यासाठी उत्तरा ठरवलं होतं सासूबाईंनी. मी म्हटलं, पासपोर्ट झालाय, नाव बदललं तर व्हिसा अडेल. म्हणून वाचले. तुमच्या आईला कुठला पासपोर्ट वाचवणार!"

 आपल्या आईला आणखी एखादं नाव असेल, हे निमिषच्या डोक्यातच कधी आलं नव्हतं. मामांचं आडनाव मोडक, एवढं ठाऊक होतं. पण आईला तिच्या आईनं काय हाक मारली असेल, हे त्याला ठाऊक नव्हतं.

"लावा फोन," रेणू म्हणाली. आणि मित्रांनो, त्या दिवशी एक आक्रीत घडलं. रेणू टेबलाला वळसा घालून आली, माझ्या बहिणीवरचं जॅकेट उचललं आणि स्वतः तिच्यावर बसली. निमिषच्या शेजारी. आमच्या आयुष्यात आम्ही दोघी एकदम भरलेल्या अशा पहिल्यांदाच. तिकडे रात्र झाली होती, तरी आईनं लगेच फोन उचलला.

"आई, तुझं लग्नाआधीचं नाव काय?"

 फोनमधून लांबवर कुणाचा तरी टीव्ही ऐकू येत होता.

"आत्ता काय करायचंय रे ते?"

"बँकेला हवंय. पैसे परत आलेत. खात्यावर तेच नाव असणार."

"अगबाई! पासबुक उघडून पाहिलंच नाही मी. नंबर तेवढा कव्हरवरून वाचला." मग ती हसायला लागली. हसता हसता तिचा आवाज ओला झाला, तो मला फोनमधूनसुद्धा कळला. "अहिल्या. अहिल्या त्र्यंबक मोडक. बघ बाई, इतक्या वर्षांनी कुणीतरी विचारलं. तेही बँकेनं!"

 रेणूनं त्याच्या हातातला फोन घेतला. "अहिल्यामावशी, मी बँकेतली रेणू. आजच पाठवते. काळजी करू नका." पलीकडून उत्तर यायला वेळ लागला. त्या नावाची हाक आली की ओ द्यायची, ही सवय तिची मोडली असणार.

पैसे गेले. जाता जाता रेणूनं विचारलं, "तुमच्या खात्यावर आईचं माहेरचं नाव सुमित्रा लिहिलंय. बदलू?"

"बदला," निमिष म्हणाला.

पाडवा झाल्यावर तो पेढे घेऊन आला. गंगेत घोडं न्हालं होतं! त्याच्या खिशात एक फोटो होता. निळ्या रंगाचं साधं दार, त्यावर पितळी पाटी आणि पाटीवर एकच शब्द, अहिल्या. दाराशी एक ठेंगणी बाई कडीला हात लावून उभी. "म्हणते, तू ये. दार मी उघडीन," निमिष म्हणाला.

"मग कधी जाताय?"

"ग्रीन कार्डाचं चालू आहे ना. पुढच्या वर्षी नक्की."

मला वाटलं होतं, आता हा आईशी भरभरून बोलेल. झालं उलटंच. बँकेनं वेबसाइटवरून पैसे पाठवायची सोय केली. रेणूनंच त्याला शिकवलं. एकदा ठरवून ठेवलं की दर महिन्याच्या पहिल्या तारखेला पैसे आपोआप जाणार आणि पोचले की ई-मेल येणार. किती सोपं! सोपं झालं आणि निमिष यायचा थांबला. सगळेच थांबले. रेणू नवऱ्याच्या बदलीमुळे दूर पूर्वेकडच्या अल्फारेटा गावी गेली. निघताना तिनं आम्हा दोघींच्या पाठीवरून हात फिरवला. नंतर त्या कोपऱ्यात दिवसेंदिवस कोणी फिरकत नसे. माझ्यावर जुन्या माहितीपत्रकांचे गठ्ठे ठेवले. खोटं कशाला सांगू, मी फार एकटी पडले. कोणाच्या तरी हलणाऱ्या पायाची मला आठवण यायची, करकर झाली तर झाली.

२००८ च्या सुरुवातीला ती शाखाच बंद झाली. आम्हाला मागच्या पार्किंगमध्ये काढून ठेवलं. माझ्या बहिणीला कुणीतरी ट्रकमध्ये टाकून नेलं. कुठे नेलं, मला आजही ठाऊक नाही. तेवढ्यात लॉकरमधले कागद घ्यायला आलेला निमिष दिसला. केस थोडे पांढरे झाले होते. त्यानं मला ओळखलं. मागची सीट पाडून मला गाडीत घातलं आणि घरी आणलं.

"अरे, हे काय उचलून आणलंस?" त्याची बायको शिवांगी म्हणाली. "कशाशीच मॅच होत नाहीये."

"राहू दे गं. हिच्यावर बसून मी आईला फोन करायचो."

"मग आता बसून कर. किती दिवस झाले!"

"पैसे पोचलेत. मेल आलीये."

 मला कॉम्प्युटरच्या टेबलापाशी जागा मिळाली. तो माझ्यावर बसायचा, काम करायचा. फोन शेजारीच असायचा.

त्याच उन्हाळ्यात आई गेली. रात्री झोपली ती उठलीच नाही. या वेळी निमिष मिळेल त्या विमानानं गेला. परत आल्यावर तो माझ्यावर बसला आणि शिवांगीला एवढंच म्हणाला, "दार शेजारच्या काकूंनी उघडलं."

शिवांगी खाली जमिनीवर बसली आणि त्याच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडली. त्याला मात्र रडू आलं नाही.

मग पहिली तारीख आली. कॉम्प्युटर टिंग वाजला. आपण पाठवलेली रक्कम अहिल्या मोडक यांच्या खात्यात जमा झाली आहे. निमिष त्या ओळीकडे बघतच राहिला. हे बंद करायचं कुणाला सुचलंच नव्हतं. त्यानं बँकेला फोन लावला. मी त्याच्या खालीच होते, म्हणून मला सगळं ऐकू आलं. पलीकडे एक गोड आवाजाची तरुण मुलगी होती. दरमहा जाणारे पैसे बंद करायचेत, असं त्यानं सांगितलं. ती म्हणाली, "शुअर सर. ओळख पटवण्यासाठी, तुमच्या आईचं माहेरचं नाव?"

"अहिल्या," निमिष म्हणाला.

"थँक्यू. दॅट्स करेक्ट."

आणि मग त्याला रडू फुटलं. ती मुलगी बिचारी "सर? सर, आर यू देअर?" म्हणत राहिली.

मित्रांनो, मी खुर्ची. मला चालता येत नाही, कोणाला बोलावता येत नाही. तुम्हाला येतं. म्हणून हात जोडून सांगते. पैसे पोचल्याची बातमी मशीन देईल; जेवलीस का, हे मशीन विचारणार नाही. ते तुम्हीच विचारा. आपल्या आईला तिच्या आईनं काय हाक मारली होती, हेही आजच विचारा, बँकेनं विचारायची वाट पाहू नका. आणि कोणी एकटं बसलेलं दिसलं तर शेजारच्या खुर्चीवरचं जॅकेट उचला आणि बसा.

निमिष अजूनही रविवारी सकाळी माझ्यावर येऊन बसतो. तिकडे तेव्हा रात्र झालेली असते. फोन हातात धरतो आणि नंबर फिरवत नाही. त्याचा पायही आता हलत नाही. मी माझा डावा पाय गच्च रोवून धरते आणि करकर होऊ देत नाही. मला तेवढंच करता येतं.