सिप्रियनला कोणी पाजली?

मी एक जुना ट्रान्सफॉर्मर. रंग करडा, वजन असं की उचलताना माणूस कण्हतो, आणि मित्रांनो, स्वभाव तापट. जन्मतः तापट नव्हतो. माझ्यावर एक खोटा आळ आला आहे आणि तो आळ घेणाऱ्यांच्याच दारात मी बसलेलो असतो. मग डोकं तापणार नाही तर काय होणार?

ब्रुकलिनमधल्या एका लहान कारखान्यात मला बनवलं. लोखंडाचे पातळ पत्रे रचून त्यांच्याभोवती तांब्याची तार गुंडाळली, वरून डबा चढवला आणि कपाळावर पाटी ठोकली. त्या पाटीवर माझ्याबद्दलचं सगळं लिहिलं होतं. कॅरिबियन समुद्रातल्या या कारियाकू बेटावर ती पाटी आजवर एकाही माणसाने वाचलेली नाही.

इथल्या भिंतीतून दोनशे तीस व्होल्टची वीज येते. अमेरिकेतल्या यंत्रांना एकशे दहाच सोसते. मी मध्ये बसतो आणि विजेचा जोर निम्म्यावर आणतो. बेटावरच्या प्रत्येक घरातलं कोणी ना कोणी ब्रुकलिनला असतं आणि तिकडून पिंपं भरून सामान येतं. तांदूळ, साबण, बूट आणि त्यांच्यामध्ये कोंबलेलं एखादं यंत्र. ते यंत्र लोक काय करतात? दुकानातून पिनेचा आकार बदलणारा एक चिमुकला ठोकळा आणतात. पिन भिंतीत बसली म्हणजे यंत्र चाललं, असा यांचा हिशोब! शेजारच्या फिलोमीनने बहिणीने पाठवलेला मिक्सर असाच लावला. त्याने एकदा किंचाळून धूर सोडला आणि तो गेला.

"अमेरिकेचा माल बाई," फिलोमीन म्हणाली. "नुसता दिसायला गोरागोमटा."

त्या मिक्सरसाठी मी आजही हळहळतो.

मी इथे आलो तो ऑगस्टाच्या घरी. तिचा नवरा सिप्रियन होड्या बांधायचा. हात सोन्याचे, पण घसा कायम कोरडा. आमच्याकडची रम इतकी कडक असते की तिच्यात बर्फसुद्धा बुडतो, आणि सिप्रियन तिच्यात रोज बुडायचा. मग ऑगस्टाने एके दिवशी पोरीला कडेवर घेतलं आणि माहेरची वाट धरली. तेव्हा त्याने आपल्या आईच्या थडग्यावर हात ठेवून शपथ घेतली की पुन्हा थेंब घेणार नाही. ऑगस्टा परतली. तो कामासाठी ब्रुकलिनला गेला, काही वर्षं राबला आणि तिथेच अचानक छातीत कळ येऊन मेला. त्याला शवपेटीतून आणून इथे पुरलं. पाठोपाठ त्याच्या बहिणीने पिंप पाठवलं. त्यात त्याचा टेपरेकॉर्डर होता, बायकोसाठी त्याने आपला आवाज भरून ठेवलेली टेप होती आणि मी होतो. इथे मशीन जळू नये म्हणून त्यानेच मला विकत घेऊन ठेवलं होतं. माझी कदर केलेला तो एकच माणूस, आणि मी पोचलो तेव्हा तो मातीखाली होता.

पिंप उघडताना शेजारीपाजारी जमतातच. फिलोमीन सगळ्यांत पुढे होती. ऑगस्टाने मशीन मला जोडलं, मला भिंतीत लावलं आणि कळ दाबली.

आवाज आला. जड, ओढल्यासारखा, एकेक शब्द चिखलातून पाय उपसावा तसा.

"ऑऽऽगस्टाऽऽ... मीऽऽ... एकऽऽ थेंबसुद्धाऽऽ... घेतलेलाऽऽ नाहीऽऽ..."

फिलोमीनला हसू फुटलं.

"नाही हो, थेंब कुठला! अख्खी बाटली घेतलीय मेल्याने!"

अंगण हसलं. लहान पोरं हसली, पाद्रीबुवांची बायको रुमाल तोंडाला लावून हसली. टेपमध्ये सिप्रियन होडी पाण्यात लोटतानाचं गाणं म्हणू लागला, आणि ते इतकं रेंगाळत, झिंगत चाललं होतं की हसणाऱ्यांना आणखी उकळ्या फुटल्या. ऑगस्टाने माझी वायर भिंतीतून उपटली.

"याचा दगड मी उभारणार नाही," ती म्हणाली. "स्वप्नात येऊन पाया पडला तरी नाही."

मित्रांनो, आमच्या बेटावर माणूस पुरला म्हणजे संपत नाही. पुढे सवडीने त्याच्या नावाचा दगड घडवायचा, अंगणात त्या दगडाला रम आणि पाणी घालायचं, गाव जेवू घालायचं आणि मग तो थडग्यावर बसवायचा. तोवर मेलेल्याला थारा नाही. तो आपल्या माणसांच्या स्वप्नात येऊन जागा मागत फिरतो. सिप्रियनला ऑगस्टाने तसंच फिरत ठेवलं.

आणि मी गप्प! मला सगळं ठाऊक होतं आणि मला तोंड नव्हतं. ऐका. वीज झोपाळ्यासारखी मागेपुढे हेलकावे खाते. अमेरिकेत सेकंदाला साठ वेळा, आमच्या बेटावर पन्नास वेळा. मी विजेचा जोर कमी करतो, पण तिचे हेलकावे कमीजास्त करणं माझ्या हाती नाही. मिक्सरला त्याने फारसा फरक पडत नाही. पण त्या जुन्या टेपरेकॉर्डरची मोटर हेलकाव्यांच्या ठेक्यावरच फिरायची. ठेका मंदावला की टेप मंदावते, आवाज खाली जातो आणि शुद्धीवरचा माणूसही झिंगल्यासारखा बोलू लागतो. माझ्या कपाळावर स्पष्ट लिहिलं होतं की मी फक्त व्होल्ट बदलतो. पण वाचतो कोण? हसायला सगळे हजर!

पुढची वर्षं मी हमालासारखी काढली. टेपरेकॉर्डर एका रिकाम्या पिंपात गेला, झाकण घट्ट लावून पलंगाखाली. मी मात्र उसना फिरलो. चर्चच्या ऑर्गनला मी, लग्नातल्या गाण्याच्या स्पीकरना मी. फिलोमीनने तर मला इस्त्री आणि फ्रीज एकदमच लावले आणि मी गुरगुरलो तेव्हा माझ्यावर ओलं फडकं टाकलं. ओलं फडकं! विजेच्या यंत्रावर! या बाईला अजून शॉक कसा बसला नाही हे मला कोडंच आहे. काम झालं की मला कोणी पुसलं नाही. शेवटी माझी वायर उंदरांनी कुरतडलेली दिसली तेव्हा ऑगस्टाने मला दाराला टेकण म्हणून ठेवलं. वारा आला की दार माझ्यावर आपटायचं.

मग ते वादळ आलं. छपरं गेली, होड्या डोंगरावर चढल्या आणि विजेचे खांब आडवे झाले. खांब पुन्हा कधी उभे राहतील हे कोणालाच सांगता येईना. तेव्हा ऑगस्टाची मुलगी मार्सिया ब्रुकलिनहून आली. तिने सूर्यावर चालणाऱ्या काचा आणल्या, बॅटरी आणली आणि एक पांढरा, गुळगुळीत इन्व्हर्टर आणला. काचा उन्हात ठेवायच्या, बॅटरी भरायची आणि हा पांढरा साहेब त्यातून अमेरिकेसारखी वीज काढून देणार. एकशे दहा व्होल्ट, सेकंदाला साठ हेलकावे. कोणाशी भांडण नाही, कोणाची मध्यस्थी नाही. मला तो अजिबात आवडला नाही.

सगळी गल्ली आपापले फोन घेऊन अंगणात बसू लागली. एका दुपारी पिंपाचं झाकण उघडून मार्सियाने टेपरेकॉर्डर बाहेर काढला. घर भिजलं होतं, पिंपाच्या आत मात्र कोरडं होतं.

"मम्मी, हे लावून बघू?"

"नको," तुरीच्या शेंगा सोलता सोलता ऑगस्टा म्हणाली. "सगळ्यांसमोर त्याची शोभा एकदा झाली तेवढी पुरे."

"मी तेव्हा लहान होते. मला त्याचा आवाजसुद्धा आठवत नाही. प्यायलेला तर प्यायलेला, मला ऐकायचाय."

तिने पिन थेट त्या पांढऱ्या साहेबात खोचली.

"ऑगस्टा! मी एक थेंबसुद्धा घेतलेला नाही. ऐकतेयस ना? आईची शपथ मोडलेली नाही. पोरीला शाळेतून काढू नकोस. आणि हे घे, तुझं आवडतं!"

आणि गाणं सुरू झालं. खणखणीत, चपळ, मध्येच स्वतःशी हसणारं. होडी लोटताना जसं म्हणायचं असतं तसंच.

शेंगांची सुपली ऑगस्टाच्या मांडीवरून घसरली.

"हा सिप्रियन आहे," ती म्हणाली. "अगं, हा शुद्धीतला सिप्रियन आहे! परत लाव."

मार्सियाने परत लावलं. तिसऱ्यांदाही लावलं. मग ती मशीनकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघत राहिली.

"मम्मी, मशीन अमेरिकेचं आहे. आपल्या विजेवर ते हळू फिरलं असणार, या डब्यातून आलेल्या विजेवर. तो प्यायलेला नव्हताच. कधीच नव्हता."

ऑगस्टा उठली, दारापाशी आली आणि तिने मला सणसणीत लाथ मारली.

"तू! तू पाजलीस माझ्या नवऱ्याला!"

मी? मी पाजली? मी त्याचं मशीन जळण्यापासून वाचवलं! मी नसतो तर टेपचा पहिल्याच दिवशी कोळसा झाला असता आणि आज ऐकायला राखसुद्धा उरली नसती. हसलं कोण? बाटलीची गोष्ट काढली कोणी? बायको असून एका टेपवर विश्वास ठेवला कोणी, आणि शपथेवर ठेवला नाही? लाथ मला! तिच्या अंगठ्याचं नख निघालं, आणि खरं सांगतो, मला त्याचं तेव्हा वाईट वाटलं नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरी परदेशातून एखादं यंत्र येईल. नुसती पिन बसली म्हणून खुश होऊ नका. त्याच्या पाठीवर काय लिहिलंय ते वाचा, व्होल्ट वाचा, त्याखालचे हेलकावे वाचा. कळलं नाही तर विचारा. आणि ते वेडंवाकडं बोलू लागलं तर टाळ्या देऊन हसण्याआधी, त्याला काय खायला घातलंय ते बघा. एवढं केलंत तरी माझ्यासारख्यांचे पुष्कळ हाल वाचतील.

घरावर अजून ताडपत्री होती. "आधी छप्पर घाल गं," सगळे म्हणाले. ऑगस्टाने आधी दगड घडवला. अंगणात बोकड शिजला, मक्याच्या पिठाचं घट्ट कूकू थापलं आणि पांढऱ्या कापडावर दगड आडवा ठेवला. मी दाराशीच होतो, सगळं दिसत होतं. रिवाजाप्रमाणे फिलोमीन रमची बाटली घेऊन पुढे झाली. ती आता वाकली होती.

ऑगस्टाने ती बाटली काढून घेतली आणि तिच्या हातात पाण्याचा मग दिला.

"त्याला फक्त पाणी. तूच घाल."

"बरं."

"आणि घालताना बोल."

"काय बोलू गं?"

"तेव्हा इथेच उभी राहून बोलली होतीस. तेवढ्याच मोठ्याने सांग, की तो प्यायलेला नव्हता."

फिलोमीनने इकडे तिकडे पाहिलं. मदतीला कोणी आलं नाही.

"सिप्रियन," ती म्हणाली, "तू प्यायलेला नव्हतास."

"ऐकू नाही आलं त्याला," ऑगस्टा म्हणाली. "मोठ्याने."