एकोणचाळीस जण

मला शरीरशास्त्रात एकसष्ट मार्क पडले. नर्सिंगला प्रवेश घ्यायचा तर साठ लागतात. म्हणजे मी काठावर पास, आणि आत्याच्या मते विषय तिथेच संपला.

"काठावर तर काठावर, पास झालीस ना? मग तोंड का पाडून बसलीस?"

तोंड पाडलं होतं ते उरलेल्या एकोणचाळिसांसाठी. शंभर प्रश्न, एकेका मार्काचा. म्हणजे माणसाच्या शरीरातल्या एकोणचाळीस गोष्टी मला येत नव्हत्या, आणि माणसं काही मला येतं तेवढंच बघून आजारी पडणार नव्हती. पहिल्या दिवशी पहिल्या खाटेवर नेमका त्यातलाच एक असणार, याची मला खात्री होती. आपलं नशीब आपल्याला ठाऊक असतं.

कॉलेज सोमवारी सुरू होणार होतं. शुक्रवारी चारपर्यंत ऑफिसात फॉर्म द्यायचा होता: येते म्हणून, नाहीतर वर्षभर थांबून विषय पुन्हा देते म्हणून.

आत्याची लॉन्ड्री आहे आणि मी तिथे इस्त्री करते. तपासलेल्या पेपरची प्रत मी टेबलासमोर भिंतीला चिकटवून ठेवली होती. दुपारी यंत्रं एका लयीत घुमायला लागतात, खिडकीच्या काचा वाफेने आंधळ्या होतात, आणि पांढऱ्या चादरींवर हात फिरवता फिरवता उभ्याउभ्याच डोळा लागतो. त्या आठवड्यात डोळा लागला की ते यायचे.

पहिला आला तो सातव्या प्रश्नाचा पेशंट. उजवं मूत्रपिंड डाव्यापेक्षा जरा खाली का असतं? कंबरेवर हात ठेवून तो वाफेतून निघाला, गाठोड्यावर बसला आणि माझ्याकडे बघत राहिला. रागाने नव्हे, नंबर लागायची वाट बघणारी माणसं बघतात तसा. मग पित्ताची बाई आली. पित्त पित्ताशयात तयार होतं, असं मी ठोकून दिलं होतं. पाठोपाठ कानातल्या सगळ्यात लहान हाडाचे आजोबा, मान एका बाजूला कलती करून. गुरुवारपर्यंत एकोणचाळीसच्या एकोणचाळीस हजर. बसायला जागा पुरेना, तेव्हा काहीजण टांगलेल्या शर्टांमध्ये उभे राहिले. सगळ्यांचे कपडे कडक इस्त्रीचे, आणि कुणालाच घाई नाही.

"आमचं काय?" पित्ताच्या बाईने एकदाच विचारलं, अगदी हळू. मला रडू आलं.

मग मी पुस्तक उघडायची आणि एकेकाला समजावायची. "वर यकृत बसलंय हो, म्हणून उजवं खाली सरकतं." तो मान डोलवायचा आणि वाफेत विरून जायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा गाठोड्यावर. पुन्हा पहिल्यापासून सांगा.

आत्याला दोन शर्टांच्या कॉलरी करपलेल्या सापडल्या. "बये, बोलतेस कुणाशी?"

"पेशंटशी."

"मग त्यांना म्हणावं, गिऱ्हाइकाच्या कॉलरीवरनं उठा."

शुक्रवारी मी फॉर्मवर 'एक वर्ष थांबते' असं लिहिलं आणि निघाले. ऑफिसात टेबलामागे एक वयस्कर मॅडम होत्या. सगळा जन्म वॉर्डात काढून आता शिकवायला आलेल्या. त्यांनी फॉर्म वाचला.

"पास आहेस की. थांबायचं कशाला?"

"एकोणचाळीस प्रश्न चुकलेत."

"कुठले?"

मी सांगायला लागले. नंबर, प्रश्न, उत्तर; नंबर, प्रश्न, उत्तर. विसाव्याला त्यांनी चष्मा काढून ठेवला. एकोणचाळिसाव्याला मला धाप लागली होती.

"छान. आता बरगड्यांच्या जोड्या किती, सांग."

हा प्रश्न पेपरात माझा बरोबर आला होता. मी तोंड उघडलं, आणि आत काहीच नव्हतं. त्या एकोणचाळिसांच्या सरबराईत बाकीचे एकसष्ट केव्हा उठून गेले, मला कळलंच नव्हतं. माझा हात आपोआप कुशीवर गेला. मी त्यांच्यादेखत स्वतःच्याच बरगड्या मोजल्या. लाज वाटायला हवी होती, पण त्यालाही सवड नव्हती.

"अकरा लागतात. पण खात्री नाही. मॅडम, अकराच असतात का?"

"बारा. सगळ्यात वरची हाताला लागत नाही, गळ्याजवळच्या हाडाआड असते."

"बघा ना, हेही येत नाही," मी म्हणाले आणि रडायलाच लागले. फॉर्म पुढे सरकवायला गेले, तर त्यांनी त्यावर हात ठेवला.

"मला ब्याण्णव होते," त्या म्हणाल्या. "म्हणून वॉर्डात पहिलं वर्षभर मी कुणाला काही विचारलं नाही."

 खिडकीकडे बघत त्या चष्म्याची काच पुसत राहिल्या. ती केव्हाच स्वच्छ झाली होती. त्या वर्षात काय झालं ते मी विचारलं नाही, आणि त्यांनी सांगितलं नाही.

मग त्यांनी माझा फॉर्म फाडला आणि कोरा पुढे केला. "सोमवारी सातला. आणि आत्ता विचारलंस ना, तसंच विचारायचं. मोठ्याने, सगळ्यांसमोर."

मी 'येते' लिहिलं, सही केली. खाली तारखेची रेघ होती. पेन तिथेच अडकलं.

"मॅडम," मी विचारलं, "आज तारीख काय?"