सुलक्षणाच्या मापाचे अकरा ड्रेस

डाव्या भिंतीच्या दांडीवर एकेचाळीस ड्रेस होते: सव्वीस बिनबाह्यांचे, अकरा आखूड बाह्यांचे आणि चार कोपरापर्यंत बाह्यांचे. सुलक्षणाने ते दोनदा मोजले, कारण पहिल्या खेपेला एकाच हँगरवर अडकवलेले दोन तिच्या नजरेतून सुटले होते.

"ताई, आपण ड्रेस बघायला आलोय का जनगणनेला?" ज्ञानदा म्हणाली.

ज्ञानदा तिची चुलत बहीण, हिंजवडीतल्याच एका कंपनीत कामाला. रविवारी सकाळी दुकान उघडल्या उघडल्या दोघी आत शिरल्या होत्या, त्यामुळे ट्रायल रूमपाशी अजून रांग नव्हती.

खरं तर आज ज्ञानदाच्या जागी आरिफा असायला हवी होती. शाळेत एका बाकावर बसलेल्या सुलक्षणा आणि आरिफा गेली दोन वर्षं दर रविवारी निरनिराळ्या दुकानांत जाऊन ड्रेस घालून बघत होत्या. विकत काही घ्यायच्या नाहीत. सुलक्षणा ड्रेस घालायची, हात वर करायची, खाली बसायची, दोन पायऱ्या चढल्यासारखं करायची. आरिफा चहूबाजूंनी फिरून बघायची, आणि कुठे काचतं, कुठे फुगतं, ते सुलक्षणा वहीत लिहायची. पुढे पौडला आरिफाच्या खोलीत त्या नोंदींवरून आरिफा ड्रेसच्या नमुन्याच्या कागदावर पेन्सिल चालवायची आणि सुलक्षणा टेप धरायची. येत्या मे महिन्यात बाजारपेठेत दोघींचं दुकान उघडायचं होतं. त्या भरवशावर सुलक्षणाने पिरंगुटच्या औषध कारखान्यातल्या प्रयोगशाळेची नोकरी सोडायचं पत्र परवा शुक्रवारी दिलं होतं.

हिंजवडीचं हे दुकान मात्र राहून गेलं होतं. आरिफाने तीनदा टाळलं. "तिकडं नको गं. लई भाव खात्यात ती लोकं. आपल्याकडं बघत बी न्हाईत."

ट्रायल रूमच्या दारात रेश्मा नावाची मुलगी उभी होती, कासारसाईची. तिने बिल्ला हातात ठेवला. "एका टायमाला तीनच हां ताई."

सुलक्षणाने तीन प्रकारचे तीन घेतले. बिनबाह्यांचा पहिला काखेत ओघळत होता. कोपरबाह्यांचा दुसरा दंडाला आवळत होता. दोन्ही नोंदी तिने वहीत केल्या आणि तिसरा, आखूड बाह्यांचा फिकट पिवळा, डोक्यावरून खाली सोडला.

तो बसला. कुठेही न ओढता, न काचता, जागच्या जागी बसला. गळा दोन्ही बाजूंनी मानेला सारखा टेकला होता. घेर जमिनीला समांतर होता.

सुलक्षणाला दुकानातला ड्रेस असा कधीच बसत नसे. सातवीत असताना ती धरणाच्या भिंतीवरून पडली होती. गळ्याखालचं हाड मोडलं आणि वाकडं जुळलं. तेव्हापासून तिचा उजवा खांदा डाव्याहून जवळजवळ दोन सेंटिमीटर खाली होता. तयार कपडा तिच्या उजव्या अंगाला लोंबायचाच.

"बाहेर ये की, बघू दे," ज्ञानदा ओरडली. ती बाहेर आली. ज्ञानदाने शिट्टी मारली. "अगं, हा तर तुझ्यासाठीच शिवलाय! थांब, मलाही बघू दे."

तोच प्रकार, स्वतःच्या मापाचा, निळा घालून ज्ञानदा बाहेर आली, तेव्हा तिचा चेहरा पडला होता. "हे काय गं? उजवीकडे काचतंय. गळा बघ, मानेपासून उठलाय. आणि खाली बघ, एका बाजूला वर गेलाय. माझंच काही वाकडं आहे का?"

"तुमचं न्हाई ताई, ड्रेसचंच हाय," रेश्मा हळू आवाजात म्हणाली. "ह्यातले लई परत येत्यात. परवा एक मॅडम मला म्हनल्या, आरसा वाकडा लावलाय तुमी. आरसा उतरवून परत लावला आमी, बोला!"

ज्ञानदा हसली. सुलक्षणा दांडीपाशी गेली आणि आखूड बाह्यांचा एकेक ड्रेस हँगरवरून काढून पलंगपोसासारखा काउंटरवर पसरू लागली. खांद्याच्या दोन्ही शिवणी एकमेकींवर आणल्या की उजवी खाली उतरत होती. एकात, दुसऱ्यात, पाचव्यात. उरलेले नऊ आणि दोघींच्या अंगावरचे दोन, अकराच्या अकरा तसेच.

शिंपी कापड दुहेरी घडी घालतो आणि अर्ध्या अंगाचा कागद ठेवून कापतो. दोन्ही बाजू आपोआप सारख्या येतात. सुलक्षणासाठी मात्र आरिफाने घडी मोडली होती. डावं अंग वेगळं, उजवं वेगळं, असा अख्खा कागद तिने केला होता, कारण सगळे प्रयोग सुलक्षणाच्याच अंगावर व्हायचे. दुकान उघडताना तो सरळ करून घ्यायचा, असं ठरलं होतं. कुणीतरी तो न विचारता जसाच्या तसा कापला होता. कशासाठी तिरका आहे, हे त्याला माहीत नव्हतं.

"हा माल कुठनं येतो?" तिने विचारलं.

"भूगावच्या वर्कशॉपातनं. शेखरमास्तरकडनं."

शेखरमास्तरकडून आरिफा बटणं लावायचं काम घरी आणायची. सुलक्षणा पुन्हा ट्रायल रूममध्ये गेली, कडी लावली आणि तिला फोन लावला. पलीकडे शिलाई मशीन चालू होतं.

"आरिफे, मी हिंजवडीला आलीया. त्या दुकानात."

मशीन थांबलं.

"बरं. मग?"

"आपला ड्रेस हितं टांगलाय. अकरा. माझ्या खांद्यासकट."



"काय बोलतीयास तू सुले? एकसारखं दिसतंच की कापड. त्यात काय एवढं."

"मी अंगात घालून उभी हाय. माझा खांदा मला कळत न्हाई व्हय?"

"मग त्या मास्तरनंच केलं असंल!" आरिफाचा आवाज एकदम चढला. "दिवाळीत तुझा जांभळा ड्रेस मी काज पाडायला तिकडं न्हेला नव्हता का? दोन तास तितंच पडलेला. त्यानं उतरवून घेतला असंल. चोर मेला. मला काय म्हाईत? मी बसलीवती का राखत?"

सुलक्षणा तिथल्या लाकडी स्टुलावर बसली. असं होऊ शकतं. त्याच कागदावरून शिवलेला जांभळा ड्रेस खरंच वर्कशॉपात गेला होता आणि दोन्ही बाजू वेगवेगळ्या टिपून घेतल्या तर खांदाही तसाच उतरेल. आरिफाला आपण काय काय बोलायला निघालो होतो, याची तिला लाज वाटली.

"तसंच असंल," ती म्हणाली.

"तसंच हाय. तू घरी ये आधी. मी बिर्याणी टाकते. उगं तितं बसून डोकं चालवू नको." आरिफा थांबली. "सुले? आईची शप्पथ, तुझ्यावाचून माझं हाय कोन?"

सुलक्षणाने फोन ठेवला आणि उठताना सवयीने तो ड्रेसच्या खिशात सरकवला. फोन पूर्ण आत गेला. वरची कड दिसेनाशी झाली.

ती तशीच उभी राहिली.

जांभळ्या ड्रेसच्या खिशातून तिचा फोन नेहमी बाहेर डोकावायचा. दोनदा एसटीत पडला होता. म्हणून मार्चमध्ये, होळीच्या आदल्या दुपारी, दोघींनी खिसा खोल केला, पण फक्त कागदावर. जुनी रेघ खोडरबराने पुसून आरिफाने पेन्सिलने नवी मारली होती. जांभळ्याचा खिसा चौदा सेंटिमीटर होता. नवा तेवीसचा. तो अजून कुठल्याच कापडावर उतरला नव्हता, आणि कागद आरिफाच्या लोखंडी पेटीत असायचा. पेटीची किल्ली आरिफाच्या गळ्यात.

ड्रेसवरून उतरवला असेल तर चौदा. कागदावरून असेल तर तेवीस. तिसरं काही नाही.

फोन मोठा नाही ना, आत गेला तर काय झालं, असं तिने स्वतःला सांगितलं. नवीन कापड ताणतं, असंही सांगितलं. मग ड्रेस काढला, आपले कपडे चढवले आणि कडी उघडली.

"रेश्मा, टेप हाय का गं?"

"कमरेचं माप घ्यायचंय व्हय? मी घेते की."

"न्हाई. नुसती टेप दे."

"ताई, काय झालं?" ज्ञानदाने विचारलं. "रडलीयस का तू?"

सुलक्षणाने पिवळा ड्रेस काउंटरवर उलटा पसरला, खिसा बाहेर ओढून तळहाताने सपाट केला. चौदा निघावेत, एवढंच तिच्या मनात होतं. चौदा निघाले तर ती पळत पौडला गेली असती, आरिफाची माफी मागितली असती, तिच्या हातची बिर्याणी पोटभर जेवली असती. टेपचं शून्य तिने खिशाच्या तोंडाच्या खालच्या कडेला लावलं, अंगठ्याने दाबून धरलं आणि टेप तळाच्या शिवणीपर्यंत नेली. आकडा वाचला. प्रयोगशाळेत एका वाचनावर कधी थांबत नसत, म्हणून तिने टेप उचलली आणि पुन्हा लावली. मग ज्ञानदाच्या अंगातल्या निळ्याचा खिसा मोजला. निळा मोजताना ज्ञानदा हलली, म्हणून तोही दुसऱ्यांदा.

चारही वेळा तेवीस सेंटिमीटर.