शिंपीकाकांचं हसू

मित्रांनो, एका नाटकवाल्या घरात कपाटावर बसून असलेला मी एक म्हातारा टेपरेकॉर्डर. गाणी वाजवायचं भाग्य मला कधी लाभलं नाही. माझं काम एकच, लोकांचं हसू टिपायचं.

नवा होतो तेव्हा मास्तर मला दुकानातून छातीशी धरून घरी घेऊन आले. मास्तर विनोदी नाटकं लिहीत. प्रयोगाला ते मला रंगमंचाच्या कडेला ठेवत, पण तोंड प्रेक्षकांकडे करून. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप समोर घेऊन ऐकायला बसत. हा त्यांचा नेम कधी चुकला नाही. नाटक त्यांना पाठच असे, ऐकायचं ते फक्त हसू. एखाद्या वाक्याला एकच जण खिदळला आणि शेजारचे गप्प राहिले, की म्हणत, "इथं कुणाला तरी लागलंय." आणि ते वाक्य काढून टाकत. दुसरं सुचेपर्यंत आठ-आठ दिवस जेवणात लक्ष नसे.

पुढे दिवस पालटले. मास्तरांचा भाचा हास्याचे कार्यक्रम करू लागला. त्यात माणसं आपटत, थोबाडीत खात, जाड्या माणसाची टिंगल होई. लोक तिकडे लोटले.

"मामा, लोक दमून येतात. त्यांना डोकं चालवायला लावू नका. कुणीतरी धपकन पडलं की काम झालं!"

"कोण पडलं ते तरी बघून हसावं रे," मास्तर हळूच म्हणत.

मग साखरेच्या आजाराने मास्तरांचा एक पाय कापावा लागला. घर सुन्न झालं. चौथ्या दिवशी त्यांनी कागद मागितला आणि त्या पायावरच नाटक लिहायला घेतलं. लेकीने पहिलं पान वाचलं, 'पाय गेला तो गेलाच, पण जाताना आपली खाज इथंच विसरून गेला. आता खाजवू कुठं?'

"बाबा! यावर का कुणी हसतं?" ती रागावली. डोळे भरून आले, आणि तशातच तिला फिस्सकन हसू फुटलं. त्या हसण्याने मला आजवर स्वस्थ बसू दिलेलं नाही. ती बापाला हसली नव्हती, एवढं नक्की. चार दिवस उशाशी बसलेल्या भीतीला ती हसली असावी.

प्रयोग लेकीनेच करायचा ठरला. भाचा तिला म्हणाला, "ताई, हे लंगडून म्हण. टाळ्याच टाळ्या!"

"अरे, तो माझ्या बापाचा पाय आहे."



मास्तरांनी अंथरुणातून सांगितलं, "लोक हसले नाहीत तर लेखणी ठेवली मी. कायमची."

प्रयोग ताईने एकटीने केला. निम्म्या खुर्च्या रिकाम्या. ती वाक्य टाकी आणि समोर नुसती शांतता. कुणी खोकलं, कुणी खुर्ची सरकवली. माझी चाकं फिरत होती आणि जीव कासावीस होत होता. जे नाही ते मी टिपू कसं?

सकाळी ताईने हळूच माझ्यातली कॅसेट बदलली. जुन्या, गाजलेल्या प्रयोगाचा हशा लावला. "ऐका बाबा, कालचं!"

मास्तरांचा चेहरा फुलत गेला. तेवढ्यात हशात कुणीतरी हॅक-हॅक करून हसलं आणि शेवटी सणसणीत शिंकलं. मास्तर ताठ झाले.

"थांब. हे शिंपीकाका, माझ्या प्रत्येक प्रयोगाला यायचे ते. दोन वर्षं झाली त्यांना जाऊन."

ताईच्या तोंडचं पाणी पळालं. मास्तर तिच्याकडे बघून म्हणाले, "बघ पोरी, माझ्या नाटकाला मेलेली माणसंसुद्धा येतात. जिवंतांनाच तेवढा वेळ नाही!"

दोघंही पोट धरून हसले. हसता हसता ताई हुंदके देऊ लागली. मास्तरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "आता खरी लाव."

मी खरं ते ऐकवलं. खाजेचं वाक्य आलं. शांतता. बराच वेळ शांतता. आणि मग अगदी मागच्या रांगेतून, काल कुणाच्याच लक्षात न आलेलं, एका बाईचं दबलेलं, लाजल्यासारखं हसू.

मास्तरांनी बोट वर केलं. "मागे घे." तीनदा ऐकलं. "हसावं की नाही, हेच तिला आधी कळेना. हिच्या घरी काहीतरी झालंय बघ."

"पण बाबा, एकटीच हसली हो."

"मग काय झालं? कागद आण. आधीचं वाक्य माझंच लांबलंय, म्हणून तिला उशीर झाला."

आता ताई लोकांचं हसू मोबाइलवर टिपते. महिनोन्‌महिने माझ्यावरून कुणी फडकं फिरवत नाही, आणि माझ्या पोटातली फीत विरत चालली आहे. त्या बाईचं हसू मनाशी आठवताना दर खेपेला थोडं पुसट ऐकू येतं, म्हणून माझी तगमग होते. मित्रांनो, मला पुसलं नाहीत तरी चालेल. पण कुणी आपलं दुःख हातावर घेऊन भीतभीत विनोद केला, तर उठून जाऊ नका. जरा थांबा. उशिरा आलेलं हसूसुद्धा पोचतं.