बदललेली झाकणं

भट्टीतून काढलेले चाळीस बिल्ले गार होत गेले तसे त्यांच्यावरचे गुलाब जांभळे दिसू लागले. ते लाल व्हायला हवे होते. नर्सिंग शाळेच्या मुली शुक्रवारी समारंभात ते लावणार होत्या, आणि आज बुधवार होता.

चूक माझी होती, हे मला तिथेच उमगलं. रंगीत काच खलात वाटायची, पाणी निवळेपर्यंत धुवायची आणि बरण्यांत भरायची, हे माझं काम. आमचा लाल आणि जांभळा ओले असताना सारखेच फिके दिसतात. खरा रंग भाजल्यावरच कळतो. म्हणून झाकणावर भाजलेला तुकडा चिकटवलेला असतो आणि सगळे त्याच्यावर भरवसा ठेवतात. सकाळी मी दोन्ही बरण्या एकदम उघडल्या होत्या आणि बंद करताना झाकणांची अदलाबदल झाली होती.

एनिड ट्रँटरने पिसाच्या टोकाने त्यातली पूड पाकळ्यांत भरली. अडतीस वर्षं ती खिडकीजवळच्या जागेवर हेच करत होती. आधी एक बिल्ला भाजून बघायचा रिवाज होता. तो वेळ खातो म्हणून फोरमन स्प्रोसननेच बंद केला होता, पण आता ते त्याच्या कुठून लक्षात राहणार!

"नजर गेली माझी," एनिड म्हणाली. "दुसऱ्या बरणीत पीस बुडवलं."

स्प्रोसन वर्षभर हेच ऐकायला टपलेला होता. "मी कधीचा सांगतोय, एनिड. शुक्रवारनंतर घरी बस. कुत्र्याला फिरव."

"कुत्रा मागच्या हिवाळ्यात गेला."

मी बोलायला हवं होतं. माझा नवरा मोटारीच्या कारखान्यात संपावर होता, घरी दोन मुलं होती. ही कारणं मी नंतर जमवली. त्या वेळी मनात काहीच नव्हतं. लाजसुद्धा वाटली नाही, नुसती बधिर उभी होते.

आम्ही दोघींनी दोन दिवसांत नवे चाळीस बिल्ले केले. सगळे लाल निघाले. शुक्रवारी दुपारी केक कापला, चहा झाला, स्प्रोसन चार शब्द बरे बोलला. एनिडने ॲप्रनची घडी केली आणि जाता जाता माझ्या टेबलापाशी थांबली.

"दोन झाकणं एकदम काढत जाऊ नकोस, पोरी," ती हळूच म्हणाली. "एक लाव, मग दुसरं उघड."

म्हणजे भट्टीपाशी उभी असतानाच तिला सगळं ठाऊक होतं. मी नुसती मान हलवली.

सोमवारी स्प्रोसनने मला खिडकीजवळ बसवलं. तिथे उजेड चांगला येतो. मी लाल बरणी उघडली, हवी तेवढी पूड घेतली, झाकण घट्ट लावलं, आणि मग दुसरी उघडली.