मुलाकडची माणसं

“मास्तर, धुतलेला सदरा घाला. रोह्याला पोरगी बघायला जायचंय,” गागोद्याची बायजा दारातूनच म्हणाली.

आतून माझी बायको खो खो हसली. “या वयात यांना?”

“यांना कोन देतंय गो! आदर्शसाठी बघायची हाय.”

आदर्शचं नाव निघालं आणि माझं हसू मावळलं. तीन वर्षांपूर्वी गागोद्याला वालाच्या शेतातून रानडुकरं हाकायला तो आणि बायजाचा एकुलता एक जितेश गेले होते. बांधावर आदर्शचा पाय घसरला, हातातल्या बंदुकीचा बार उडाला आणि जितेश गेला. पोलिसांनी अपघात म्हटलं. मी पेणच्या शाळेत शिकवतो, वर एका दैनिकाला बातम्या पाठवतो. गावात न जाता, फोनवर विचारून मी मथळा ठोकला होता : ‘मित्रानेच मित्राला गोळी घातली’. संपादकांनी पाठ थोपटली. पुढे आदर्शच्या आधी ते कात्रणच मुलीच्या घरी पोचायचं. चार स्थळं मोडली. आईबाप लहानपणीच गेलेल्या पोराची बाजू मांडणार तरी कोण?

“तुमी लिवलंत, तुमीच निस्तरा,” बायजा म्हणाली. मी सदरा घातला.

गाडीत तिने आदर्शला सोडलं नाही. “डोक्याला तेल लावलंयस का डोकं तेलात बुडवलंयस? अन् पोरीनं नाव विचारलं तर मान हलवू नको, नाव सांग!”

रोह्याला पोहे झाले आणि मुलीच्या वडिलांनी, महिपतींनी, मोबाइल पुढे केला. तेच कात्रण.

“हे तुमीच ना?”

“व्हय. माज्याच हातून झालं,” आदर्श खाली मान घालून म्हणाला.

मी उठलो. “बातमी माझी आहे. मी गावात पाऊलही ठेवलं नव्हतं. मथळा खोटा आहे, आणि मला त्याची लाज वाटते.”

“तेव्हा खोटं लिवलंत, तर आता खरं बोलताय कशावरून?” महिपतींचं काही चुकत नव्हतं.

“मी सांगते. मी जितेशची आय,” बायजा म्हणाली. “यानं माज्या पोराला पाठीवर घेऊन अनवानी रस्ता गाठला. ते पेपरात आलं नाय. पोराचं दिवसकार्य झालं अन् हा माजा वाल काढायला दारात हजर. मी रागानं मडकं फेकून मारलं. नेम चुकला म्हनून, नायतर मीबी पेपरात आले असते! दुसऱ्या दिवशी हा परत आला. आजपतूर येतोय.”

दाराआडून किमया, म्हणजे मुलगी, फिसकन हसली. मग महिपती हसले आणि सगळं घरच हसायला लागलं. किमया बाहेर आली, आदर्शकडे नीट बघितलं आणि वडिलांना म्हणाली, “मला चालेल.”

“बरं,” महिपती म्हणाले, “पण पुढची बोलनी करायची कोनाशी?”

बायजाने पदर सारखा केला. “माज्याशी. मुलाची आय मी.”

महिपतींनी साखरेची वाटी तिच्या हातात दिली. तिने चिमूटभर साखर आदर्शच्या तोंडात घातली आणि मग पदर डोळ्यांना लावला.